कापूर, सुतळी आणि सायकलची ट्यूब

माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात हिंगाची एक रिकामी डबी असते. कितीही घासली तरी हिंगाचा वास गेलेला नाही, आणि आता आतल्या कापराशी त्याचा कायमचा तंटा चालू असतो. डबीत पाच-सहा कापूरवड्या, चार मिरे, सायकलच्या जुन्या ट्यूबचे बोटभर तुकडे आणि मेणबत्तीचं एक थोटूक. आमच्या वयाच्या ट्रेकर लोकांकडे याच कामाला कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी असायची. रोल गेले, डब्या गेल्या, हिंग टिकून आहे. हा सगळा ऐवज शंभर रुपयांच्या आत येतो आणि जुलै महिन्यात, घाटमाथ्यावर दगडसुद्धा पाझरत असताना चूल पेटवायला पुरतो.

मिरे कशाला? कापूर हवेत उडून जातो म्हणून. देवघरातल्या कापराच्या डबीत आजी चार मिरे टाकायची, त्यानं कापूर उडत नाही म्हणायची. खरं श्रेय घट्ट झाकणाचं असावं असा माझा संशय आहे. पण मिरे काढून बघायची हिंमत अजून झालेली नाही.

पावसात जाळ करायचा तर कापूर सगळ्यात शेवटी हातात घ्यायचा. नवखा माणूस नेमकं उलटं करतो, आधी काडी ओढतो आणि मग लाकडं शोधायला पळतो. आधी सरपण. जमिनीवर पडलेलं लाकूड आषाढात पाणी पिऊन बसलेलं असतं, त्याच्याकडे बघायचंही नाही. झाडावरच वाळून अडकून राहिलेली फांदी हवी. मोडताना ती कट्‌कन वाजली पाहिजे, नुसती वाकली तर सोडून द्यायची. तिची साल ओली असणारच. ती तासून काढली आणि फांदी उभी चिरली की आतला गाभा कोरडा निघतो, हाताला चक्क उबदार लागतो. त्याच्या काड्या करायच्या. काडेपेटीतल्या काडीएवढ्या एका बाजूला, पेन्सिलीएवढ्या दुसऱ्या बाजूला, अंगठ्याएवढ्या तिसरीकडे. हे ढीग पोटाखाली, नाहीतर ताडपत्रीच्या आडोशाला ठेवायचे. कारवी या डोंगरी झुडपाची वाळकी काठी मिळाली तर फारच उत्तम. कारवी काही वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते, त्यामुळे फुलोऱ्यानंतरच्या वर्षी डोंगरउतारावर वाळक्या काठ्यांचं रान उभं असतं. त्या भराभरा जळतात, निखारा मात्र धरत नाहीत. चहाला चालतात, भाताला नाही.

एवढं जमल्यावर मग कापूर. ओल्या बोटांनी धरला तरी तो पेटतो, पाण्यावर तरंगत असतानाही जळतो. ज्योत मोठी, पण बघता बघता वडी संपते. तेवढ्या वेळात ट्यूबच्या तुकड्यानं पेट घेतला पाहिजे. रबर उशिरा पेटतं, पण एकदा पेटलं की वाऱ्याला आणि भुरभुरीला दाद देत नाही. धूर काळाकुट्ट आणि घाण वासाचा. तो विरेपर्यंत भांडं चढवायचं नाही, नाहीतर चहाला पंक्चरच्या दुकानाची चव येते. ट्यूबवर बारीक काड्या, त्यावर पेन्सिली, आणि मग हात मागे. फुंकणीची घाई करायची नाही.

चुलीचे तीन दगड ओढ्यातून उचलायचे नाहीत. आत पाणी मुरलेला दगड तापला की तडकतो आणि ठिकऱ्या डोळ्याच्या उंचीवर उडतात. चुलीचं तोंड वाऱ्याकडे. भांडं म्हणजे जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा टोप, हलका आणि चेपला तर हातानं सरळ होणारा. चढवण्याआधी त्याच्या बुडाला बाहेरून राख नाहीतर चिखल कालवून पातळ लेप द्यायचा. आया-आज्या हे रोज करत आल्यात. काजळी त्या लेपावर बसते आणि नंतर नुसत्या पाण्यानं निघून जाते. चकचकीत कॅम्पिंगची भांडी घेतलेल्या एका मित्राला मी हे दाखवलं, तर त्यानं ‘हॅक’ म्हणून त्याचा व्हिडिओ काढला.

असे व्हिडिओ मीही आवडीनं बघतो. फिनलंडच्या जंगलात एक दाढीवाला माणूस, हातात सुरेख लाकडी मुठीचा चाकू, बर्च नावाच्या झाडाच्या सालीवर एक ठिणगी पडते आणि जाळ तयार. बघायला फार छान. पण बर्चच्या सालीत तेल असतं, ती ओली असतानाही पेटते, आणि आपल्या सह्याद्रीत बर्च नाही. त्यांची अडचण थंडीची आहे, आपली ओलाव्याची. पिसांनी भरलेली महागडी स्लीपिंग बॅग त्यांच्या बर्फात जीव वाचवते. आपल्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात ती रात्रीत दमट होते आणि सकाळी तिच्यात ऊब शोधावी लागते. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक कळसूबाईचं, 1646 मीटर. सबंध सह्याद्रीत बर्फाचा प्रश्नच नाही. इथे शत्रू दोनच, पाऊस आणि पावसातला वारा. वीस अंश तापमानातही भिजलेला माणूस वाऱ्यावर तासभर बसला की हुडहुडी भरून दात वाजायला लागतात. त्यावर उपाय म्हणजे कोरडे कपडे. ते मी खताच्या गोणीतल्या आतल्या प्लास्टिकमध्ये बांधून नेतो. शेतकरी तीच गोणी एका कोपऱ्यात दुमडून डोक्यावर खोळ करतो आणि दिवसभर लावणी करतो. त्याआधी बांबूच्या कामट्या आणि पानांची इरली असायची. वाकून काम करणाऱ्याची पाठ झाकेल अशा आकाराची, हात मोकळे ठेवणारी. हल्ली ती क्वचित दिसतात. गोणी फुकट मिळते, इरलं विणायला माणूस लागतो.

खरेदीसाठी मी पुण्यातल्या रविवार पेठेत बोहरी आळीत जातो. ही माझी ‘अॅडव्हेंचर शॉप’. सुतळीचा बंडल, नायलॉनची बारीक दोरी, ताडपत्री, बादलीचं झाकण, गाळणी, सगळं चार दुकानांत उरकतं. दुकानदार विचारतो, “ट्रकला पाहिजे का मांडवाला?” झोपायला म्हटलं की तो एकदा वर बघतो आणि पातळ माल काढतो. तीन-चारशेत दोघांपुरतं छप्पर होतं. जुनं-पुराणं, लष्करी पाण्याची बाटली वगैरे हवं असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार. तिथे घासाघीस करायचा दम हवा, माझ्यात तो नाही. दुसऱ्या कुणाला तरी पुढे घालतो.

पातळ ताडपत्रीची रड एकच, कोपऱ्यातली भोकं फाटतात. वाऱ्याच्या पहिल्या झोतात धातूची कडी निघून येते. तर भोकावर भरवसा ठेवायचाच नाही. लिंबाएवढा गुळगुळीत गोटा घ्यायचा, ताडपत्रीच्या कोपऱ्यात आतून धरायचा, बाहेरून मुठीत आवळायचा आणि गोट्याच्या मानेभोवती सुतळीची सरगाठ घालायची. ताण आला की गाठ आणखी आवळते आणि कापड कुठेच फाटत नाही, कारण भोक पाडलेलंच नसतं. हवं तिथे, अगदी मधोमधसुद्धा, असा गोटा बांधून ओढ देता येते. पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूची कड जमिनीलगत दाबायची, दुसरी कड उंच. आणखी एक बारकावा असा. दोन झाडांमध्ये ताणलेल्या दोरीवरून पाणी ओघळत थेट आत येतं आणि नेमकं झोपलेल्याच्या कपाळावर ठिबकतं. छपराच्या थोडं अलीकडे त्या दोरीला वीतभर सुतळी लोंबती बांधली की पाणी तिच्यावरून खाली उतरतं. ही सुतळी दोन पैशांचीही नसेल. तंबूवाल्यांना ती कळत नाही कारण तंबूवाल्यांना तिची गरज पडत नाही, आणि तंबू गळायला लागला की मग काहीच सुचत नाही.

मला स्वस्त सामानाचं वेड लागलं ते इथूनच. महाग वस्तू विचार करून ठेवलेली असते. कुणीतरी कारखान्यात बसून वारा कुठून येईल, पाणी कुठे साचेल याचा हिशेब केलेला असतो आणि त्याचे पैसे आपण भरतो. ताडपत्रीचा तुकडा काहीच ठरवत नाही. वारा कुठून येतो, उतार कुठे आहे, रात्री पाणी कुठून वाहील, हे सगळं बांधणाऱ्यानं बघायचं. जागा बघायची सवय मला तंबूत झोपून कधीच लागली नसती.

पण स्वस्ताईचीही अंधश्रद्धा करू नये. घोंगडीचंच घ्या. घोंगडी म्हणजे गरिबाचं पांघरूण असं आपण म्हणत आलो, पण हातमागावरची खरी घोंगडी आज स्वस्त नाही आणि ती स्वस्त असूही नये. दख्खनी मेंढीची लोकर कातरायची, पिंजायची, सूत काढायचं, खड्ड्याच्या मागावर सणगरानं, म्हणजे घोंगडी विणणाऱ्यानं, पट्टे विणायचे, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची. त्या खळीमुळे नवी घोंगडी कडक असते, टोचते, आणि शहरी माणूस ती एका रात्रीत माळ्यावर टाकतो. थोडं वापरलं की मऊ पडते. भिजली तरी लोकर ऊब धरून ठेवते. खोळ करून डोक्यावर घेतली तर बारीक पाऊस बराच वेळ वरच्या वर झेलते. जमिनीवर अंथरली तर खालचा गारवा तोडते. तोटा एकच, ओली घोंगडी वाहणं म्हणजे शिक्षा. कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेत हारीनं घोंगड्या मांडलेल्या असतात, तिथून घ्यावी. बाजारात मिलच्या, रंगवलेल्या मिश्र धाग्याच्या ‘घोंगड्या’ निम्म्या किमतीला मिळतात. त्या अंथरायला ठीक, पावसासाठी नाहीत.

आणखी काही ठिकाणी हात आखडता घेऊ नये. बुटाचा तळवा पहिला. ओल्या कातळावर पकड असलेला रबराचा तळवा हवा, आणि सुदैवानं तो महाग असायची गरज नाही. अॅक्शनचे साधे ट्रेकिंग बूट सह्याद्रीत वर्षानुवर्षं लोकांनी झिजवलेत ते त्या पकडीमुळेच, त्याआधी कॅनव्हासचे हंटर बूट होते. हजारो रुपयांचे परदेशी, कडक तळव्याचे बूट शेवाळलेल्या बेसाल्टवर घसरताना मी पाहिलेत. वाटाड्या मामा पावसाळी स्लिपरवर कडा उतरतात, हे बघून मात्र स्लिपर घालू नये. त्यांच्या पावलांना जे माहीत आहे ते दुकानात मिळत नाही. दुसरी गोष्ट टॉर्च, दोन, आणि जादा सेल. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, जिथे दोरावर जीव टांगायचा आहे तिथे बोहरी आळी नाही. प्रस्तरारोहणाचा दोर, हार्नेस, कॅरॅबिनर हे प्रमाणित, नोंद असलेले, जाणत्या माणसाच्या हातून. सुतळीचं कौतुक ताडपत्रीपुरतं.

कोयत्याबद्दल काय सांगू? झाडपाल्यात वावरायला त्याच्यासारखं हत्यार नाही. मावळात आणि कोकणात कमरेमागच्या आकडीत तो असा काही बसतो की चालताना त्याचं अस्तित्व जाणवत नाही, हात मागे गेला की मूठ हातात. फाटी फोडायची, काटेरी जाळी बाजूला करायची, नारळ सोलायचा, बांबू तासायचा, एकच पातं. पण शहरातून एसटीत कोयता घेऊन जाणं आता शहाणपणाचं राहिलेलं नाही. पुण्यातल्या गुंडांनी त्याचं नाव इतकं बदनाम केलंय की सॅकमध्ये निघाला तर आधी पोलिसांना सगळी कथा सांगावी लागेल. मी नेत नाही. स्वयंपाकघरातली लहान सुरी आणि बागेची घडीची करवत नेतो, आणि कोयता गावात मागतो. गावात तो मागितला की बहुतेक वेळा त्याच्याबरोबर माणूसही येतो, आणि फायदा त्या माणसाचाच जास्त होतो. एकदा मी सुतळी विसरल्यावर (ती तरी का विसरावी!) अशाच एका मामांनी केवणीची फांदी छाटली, तिची साल सोलून काढली, दोन पट्टे मांडीवर वळले आणि दोरी पुढ्यात टाकली. मी ओढून पाहिली, तुटेना. केवण म्हणजे आयुर्वेदवाल्यांची मुरुडशेंग. शेंग सगळ्यांना माहीत, सालीचं कुणी बोलत नाही.

जाळाचं एवढं रसभरीत वर्णन केलंय, तर तो कुठे करायचा नाही हेही सांगायला हवं. अभयारण्यात नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगडचा परिसर 1986 पासून अभयारण्य आहे, कोयना 1985 पासून. कोयनेतल्या वासोटा किल्ल्याला वनखात्याची परवानगी काढून बामणोलीहून लाँचनं जायचं आणि दिवसाउजेडी परत यायचं. राखीव जंगलात विस्तव करायला 1927 चा वन कायदा आड येतो, अभयारण्यात 1972 चा वन्यजीव कायदा. कायदा बाजूला ठेवला तरी फेब्रुवारीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत डोंगर वाळलेल्या गवतानं भरलेला असतो आणि एक निखारा पुरतो. वणवा एकदा उताराला लागला की वरच्या अंगाला वाऱ्यासारखा पळतो, आणि मग सरडे, लाव्ह्यांची अंडी, साग-ऐनाची रोपं, कशाचीच गय नाही. गडावर, टाक्यांच्या कडेला, मंदिराच्या ओवरीत चुली करून काळ्या केलेल्या भिंती बघितल्या की मला कापराच्या डबीची लाज वाटते. आम्ही चूल करतो ती ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर, त्याला विचारून, त्यानं दाखवलेल्या जागी. जिवंत झाडाला हात लावत नाही. निघताना राखेत पाणी ओतून काठीनं ढवळायचं आणि तळहाताच्या मागच्या बाजूनं चाचपायचं. किंचित कोमट लागलं तरी पुन्हा पाणी.

या सगळ्या हौसेचा कळस म्हणजे पोपटी. पेण, अलिबाग, रोह्याकडची माणसं हे नाव ऐकून आत्ताच हसली असतील. भाताची कापणी झाली की जमिनीतल्या उरल्या ओलीवर वाल पेरतात, आणि थंडीत शेंगा भरल्या की रात्री शेतात पोपटी लागते. साहित्य काय? एक मडकं, शेंगा, जाडं मीठ, ओवा आणि बांधावर आपोआप उगवलेला भांबुर्ड्याचा पाला. तेल नाही, पाणी नाही, भांडी नाहीत. मडक्याच्या तळाला पाला दाबून भरायचा, त्यावर शेंगांचा थर, मीठ-ओवा, मध्ये अंडी, बटाटे, शौकिनांसाठी मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, पुन्हा शेंगा. तोंडाशी परत पाला, इतका घट्ट की मडकं उलटं केलं तरी काही हलता कामा नये. कारण ते उलटंच ठेवायचं असतं. तोंड जमिनीला, बूड आकाशाला, आणि सभोवती पेंढा, गोवऱ्या, झावळ्या रचून जाळ. शेंगांचं आणि पाल्याचं स्वतःचंच पाणी वाफ होतं आणि त्या वाफेला बाहेर पडायला वाट नसते. अर्धा-पाऊण तास जातो. मग जाणता माणूस पुढे होतो, बोटं पाण्यात बुडवून तापल्या बुडावर शिंतोडे मारतो. चर्र होऊन थेंब त्याच क्षणी उडाले तर झाली. रेंगाळले तर अजून थोडा जाळ. मडकं काठीनं लवंडवतात, पाला ओढतात आणि भांबुर्ड्याचा कडवट, ओव्याशी नातं सांगणारा वास तोंडावर येतो. शेंगा सालीसकट तोंडात धरून दातांनी ओढायच्या. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही, आणि तरीही अंडं कधी कच्चं निघालेलं मी पाहिलं नाही. ‘वन-पॉट मील’ म्हणून विकायचं ठरवलं तर कुणीतरी याचे पाच हजार घेईल, हल्ली थोड्याफार प्रमाणात घेतातही.

सामानात वाचलेले पैसे कुठे जातात, असं मित्र विचारतात. बरेचसे गावातच जातात. बांधावर राहिलो तरी एक वेळचं जेवण मी घरातच सांगतो. पिठलं, तांदळाची भाकरी, कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा. मावशी सांगतील ते पैसे, घासाघीस नाही. तंबू पंधरा हजारांचा आणि भाकरीचे वीस रुपये जास्त झाले म्हणून कुरकुर, हे दृश्य मी पायथ्याच्या गावांत इतकं पाहिलंय की आता ओळख सांगावीशी वाटत नाही.

आणि ही हौस आहे याचा विसर पडू नये, एवढी काळजी गावकरी आपणहून घेतात. मुळशीच्या मागच्या अंगाला, आषाढात, ओळखीच्या एका मामांच्या खाचराशेजारी आम्ही ताडपत्री ताणली होती. गोटे बांधून झाले, काड्यांचे ढीग झाले, कापूर, ट्यूब, सगळे सोपस्कार. बऱ्याच खटपटीनंतर जाळ धरला आणि टोपात आधण यायला लागलं. मावशी डोक्यावर खोळ घेऊन गोठ्याकडे निघाल्या होत्या. वाटेत थांबल्या, आमचा सगळा पसारा न्याहाळला.

“आवं, घरात चूल पेटल्यालीच हाय,” त्या म्हणाल्या, “आन् तुमी पावसात हितं काय करताय?”

मी म्हटलं, “हौस, मावशी.”

“हौस व्हय? मंग उद्या सकाळच्याला या की लावणीला. लई हौस भागंल.”

चहा मात्र त्यांनी आमच्याच टोपातला घेतला, उभ्याउभ्याच, आणि साखर कमी पडलीय असं सांगून गोठ्याकडे गेल्या.